मुळा ओलांडताना

पिंपरीहून पुण्याकडे निघालेली लोकल दापोडी स्थानक सोडते आणि खडकी यायच्या आत मुळा नदी ओलांडते. डब्यातल्या बहुतेकांना ते कळतही नाही. लोखंडी गर्डरच्या पुलावर गाडी चढली की खालून असा धडाका सुरू होतो की मोबाइलमध्ये बुडालेला माणूससुद्धा मान वर करतो. दापोडीला तसं होत नाही. इथे रूळ दगडी कमानींवरून जातात. कमानींच्या पाठीवर भराव, भरावावर खडी, खडीत रुतलेले स्लीपर आणि त्यांवर रूळ. चाकांचा दणका या थरांत जिरून जातो आणि खाली नदी असूनही गाडी जमिनीवरून धावल्यासारखी पुढे सरकते. पूल लक्षात येत नाही, याचं मोठं श्रेय त्याच्या रचनेला आहे.

हा पूल नीट पाहायचा तर गाडीतून उतरून शेजारच्या हॅरिस पुलावर यावं लागतं. तिथे थांबायला फारशी उसंत कुणाला नसते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची वाहनं एकमेकांना खेटून चाललेली असतात. तरी पावसाळ्यात पवना आणि मुळशी धरणांतून पाणी सोडलं की लोक कठड्याशी उभे राहतात. पवना नदी दापोडीजवळच मुळेला मिळते, त्यामुळे दोन्ही खोऱ्यांचं पाणी इथे एकत्र दिसतं. मातकट लोंढा खांबांवर आपटतो, दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा एक होतो. तेवढ्यात वरून लोणावळा लोकल जाते. पाणी बघायला आलेल्यांच्या नजरेत त्या वेळी तरी पूल येतो.

पुलांचा एवढा दाट इतिहास पुणे परिसरात फार थोड्या ठिकाणी असेल. रेल्वेचा मार्ग 1858 सालचा. हॅरिस पुलाला नाव मिळालं ते 1890 ते 1895 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांचं. त्याच्या जोडीला अलीकडच्या वर्षांत समांतर पूल उभे राहिले. मेट्रोही इथूनच नदी ओलांडते. पिंपरी ते फुगेवाडी हा तिचा पहिला टप्पा मार्च 2022 मध्ये सुरू झाला आणि ऑगस्ट 2023 मध्ये ती नदीपलीकडे थेट सिव्हिल कोर्टापर्यंत गेली. हाताने घडवलेला दगड, नंतर काँक्रीट, नंतर कारखान्यात ओतून क्रेनने उचललेले काँक्रीटचे तुकडे. दीडशेहून अधिक वर्षांचं बांधकामशास्त्र थोडक्या अंतरात ओळीने उभं आहे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची पहिली सहल इथे यायला हवी.

रेल्वे येण्याआधीही दापोडीचं नाव कागदोपत्री होतं. पेशवाईच्या अखेरीस कॅप्टन फोर्डच्या हाताखालची पलटण इथे होती आणि 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या लढाईत ती इंग्रजांच्या बाजूने उतरली. पुढे इथला बंगला मुंबईच्या गव्हर्नरांचं निवासस्थान झाला. सर रॉबर्ट ग्रँट हे गव्हर्नर 1838 मध्ये इथेच वारले. त्या बंगल्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली तिथल्या झाडाफुलांची जी चित्रं काढली गेली, ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवली आहेत. दापोडीच्या फुलांची चित्रं स्कॉटलंडमध्ये जिवापाड सांभाळली जातात आणि दापोडीच्या पुलाची साधी ओळख सांगणारी पाटी लोकांना इथे दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

खंडाळा ते पुणे ही गाडी 14 जून 1858 रोजी सुरू झाली. मुंबई-ठाणे गाडीला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची ‘जीआयपी’, दोन्ही टोकांनी पुढे सरकत होती आणि मध्ये बोरघाट आडवा होता. मुंबईकडून गाडी खोपोलीपर्यंत यायची. तिथून प्रवासी पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडायचे. घाटाचं काम पूर्ण होऊन मुंबई-पुणे सलग गाडी धावायला 1863 साल उजाडलं. म्हणजे सुरुवातीची पाच वर्षं मुळेवरून जी गाडी जायची, ती खंडाळ्याच्या कड्यापाशीच थांबायची.

त्या काळी भारतात लोखंडी गर्डर बनवणारे कारखाने नव्हते. लोखंड हवं तर ते इंग्लंडमधून जहाजाने आणायचं, बंदरात उतरवायचं आणि बैलगाड्यांनी घाटावर चढवायचं. उलट दख्खनच्या पठारावर काळ्या पाषाणाला तोटा नव्हता. जीआयपीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले होते आणि कंपनीचे सल्लागार होते इंग्लंडातले नामवंत अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन. त्यांच्या माणसांनी या भागात ठिकठिकाणी दगडी कमानींचा आधार घेतला तो या हिशेबाने. कमान बांधायची विद्याही इथे नवी नव्हती. देवळं, वाडे, बारवा, वेशी बांधणाऱ्या पाथरवटांच्या हातांना ती ठाऊक होती. नवं होतं ते वरून जाणारं ओझं.

कमान कशी उभी राहते, हे एकदा डोळ्यांसमोर आणण्याजोगं आहे. आधी नदीच्या तळाशी खडक लागेपर्यंत खोदून खांब उभारायचे. प्रवाह सामोरा येतो त्या बाजूला खांबाला निमुळतं टोक द्यायचं, म्हणजे पाणी फाटून दोन्ही बाजूंनी निघून जातं. मग दोन खांबांच्या मध्ये लाकडाचा अर्धगोल साचा उभा करायचा. मराठीत त्याला ढोला म्हणतात. पाथरवट टाकी-हातोड्याने प्रत्येक चिरा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद घडवतो. दोन्ही खांबांकडून एकाच वेळी हे चिरे ढोल्यावर चढत जातात आणि अगदी माथ्यावर शेवटचा दगड, चावीचा दगड, ठोकून बसवला जातो. तोवर सगळा भार लाकडावर असतो. चुना आवळला की ढोला हळूहळू सैल करून काढतात. कमान केसभर खाली बसते, चिरे एकमेकांना दाबतात आणि त्या दाबातच उभे राहतात. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये दारातला माणूस दोन्ही बाजूंच्या खांद्यांच्या रेट्याने उभा असतो, तसा इथला प्रत्येक दगड. दगडाला ताण सोसत नाही, दाब मात्र तो भरपूर सोसतो, आणि कमानीत त्याच्या वाट्याला बहुतांश दाबच येतो.

जुन्या कमानींवरून आजच्या अवजड गाड्या कशा जातात, याचं उत्तरही यातच आहे. अशा पुलाचं स्वतःचं वजन अफाट असतं. दगड, भराव आणि खडी मिळून जो कायमचा भार आहे, त्याच्या तुलनेत धावत्या गाडीचा भार मर्यादित राहतो. 1858 चं इटुकलं वाफेचं इंजिन जाऊन मोठी इंजिनं आली, 1930 च्या सुमारास या मार्गावर वीज आली, 1 जून 1930 पासून डेक्कन क्वीन धावू लागली, पुढे मालगाड्यांचे डबे जड होत गेले. पोलादाच्या कित्येक जुन्या गर्डरांना या वाढत्या भारापायी निवृत्त व्हावं लागलं. नीट बांधलेल्या दगडी कमानींना मात्र पुष्कळदा तशी गरज पडली नाही.

नीट बांधलेल्या, ही अट महत्त्वाची. कारण याच मार्गावर जीआयपीला तिची किंमत कळली.

बोरघाटाचं कंत्राट आधी विल्यम फॅव्हिएल यांच्याकडे होतं. काम सुरू झालं 1856 च्या आरंभी. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि सदतीस फुटांना एक फूट अशी चढण. मजुरी थकल्यामुळे 1859 च्या जानेवारीत मजुरांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आले आणि येऊन महिना होतो न होतो तोच आजारपणाने गेले. त्यांची पत्नी ॲलिस मायदेशी परतली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने कंत्राट स्वतःकडे ठेवलं, कामावर दोन अनुभवी अभियंते नेमले आणि घाट पुरा करून घेतला. ऐन भरात, 1861 मध्ये, एका वेळी बेचाळीस हजार माणसं घाटात राबत होती. कॉलरा आणि तापाच्या साथींनी त्यातली हजारो माणसं नेली. सुरुंग लावणारे, दोरखंडाला लोंबकळत कड्यावर छिद्रं पाडणारे, दगड फोडणारे, डोक्यावरून माती वाहणाऱ्या बाया. बर्कले, फॅव्हिएल, ट्रेडवेल ही नावं पुस्तकांत आहेत. या माणसांचं एकही नाव कमानीच्या दगडावर नाही.

घाट सुरू होऊन चार वर्षं झाली आणि 1867 च्या जुलैत, भर पावसात, माहू-की-मळी नावाचा घाटातला उंच दगडी पूल कोसळला. मग सरकारने आणि कंपनीने जीआयपीच्या दगडी बांधकामांची कसून तपासणी केली. अनेक ठिकाणी एकच खोट सापडली. बाहेरून सुबक घडवलेले चिरे, सरळ रेषेत भरलेल्या दर्जा, आणि आत, जिथे नजर पोचत नाही तिथे, वेडेवाकडे दगडगोटे आणि कच्चा चुना. कंत्राटदाराला घाई, देखरेख करणारा अभियंता एक आणि कामं कोसभर पसरलेली. चुना घाणीत बैलांकरवी किती वेळ मळला, त्यात विटांची भुकटी किती पडली, पावसाआधी तो किती दिवस सुकला, यावर खांबाचं आयुष्य ठरतं आणि ते ठरवणारा माणूस कामावरचा मुकादम असतो. माहू-की-मळीने कंपनीला हा धडा दिला आणि त्यानंतर कितीतरी पूल दुरुस्त झाले, काही पुन्हा बांधले गेले. म्हणून या मार्गावर आजही भार वाहणारी जुनी कमान दिसली, की तिच्या देखण्या बाह्यरूपाइतकंच तिच्या पोटात भरलेल्या न दिसणाऱ्या दगडाचंही कौतुक करावंसं वाटतं.

दगडी पुलाला वरच्या भाराचं भय थोडं, पाण्याचं जास्त. पूर आला की खांबाभोवती भोवरे फिरतात आणि पायाजवळचा गाळ, वाळू, मुरूम उकरून नेतात. वरून सगळं जागच्या जागी दिसतं आणि खाली पाया उघडा पडत जातो. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला. त्याच्याबरोबर एसटीच्या दोन बस आणि इतर वाहनं गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. पिंपरी-चिंचवडकरांना तर जवळचीच आठवण आहे. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल 15 जून 2025 रोजी, रविवारच्या गर्दीत, तुटून पडला आणि चार जणांचा जीव गेला. तो पूल काही शंभर वर्षांचा नव्हता. तो गंजला होता, धोकादायक म्हणून माहीत होता आणि तरी वापरात होता. पुलाचं वय विचारण्याऐवजी त्याच्याकडे शेवटचं कुणी कधी पाहिलं, हे विचारायला हवं.

रेल्वेत हे पाहणं नेमून दिलेलं काम आहे. रोज ठरलेल्या पट्ट्यात कीमन चालत जातो. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवं निशाण. सैल झालेली चावी ठोकायची, रुळाला तडा गेला का बघायचं, खडी सरकली असेल तर सांगायचं. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. बॅटरी, शिट्टी आणि धोका दिसला तर रुळावर लावायचे फटाके घेऊन गस्तवाला अंधारात निघतो. पुलाच्या खांबावर पाण्याच्या धोक्याची पातळी रंगवलेली असते. पाणी त्या खुणेला टेकलं की आधी गाड्यांचा वेग कमी करायचा आणि गरज पडली तर गाड्या थांबवायच्या. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अभियंते कमानीखाली उतरतात, चिऱ्यांतली भेग मोजतात, दर्ज निखळली असेल तिथे नव्याने भरून घेतात, भरावात साठलेलं पाणी बाहेर पडायची भोकं उघडी आहेत का ते बघतात. कमानीच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप दिसायला गोजिरवाणं असतं, पण दगड फोडायला त्याच्यासारखं काही नाही. ते मुळासकट काढावं लागतं. जुना पूल उभा असतो तो या रोजच्या कामावर. वारसा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर ही माणसं यायला हवीत.

या पुलाने पिंपरी-चिंचवडला काय दिलं, हे या शहरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची पिंपरीतली वसाहत, पन्नाशीच्या दशकात उभा राहिलेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना, साठच्या दशकातली एमआयडीसी, टेल्को, बजाज, त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप, 1970 ची नगरपालिका आणि 1982 ची महानगरपालिका. पुणे-लोणावळा लोकल 1978 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या पाळीच्या कामगाराला घड्याळ लावायला एक भरवशाची खूण मिळाली. पुण्यातल्या पेठांतून चिंचवडच्या कारखान्यात येणारा फिटर आणि आकुर्डीहून शिवाजीनगरला कॉलेजला जाणारी मुलगी, दोघंही रोज मुळेवरून जातात. दापोडीतच लष्कराचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आहे, जिथे जवानांना नदीवर झटपट पूल टाकायला शिकवतात. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळाही दापोडीचीच. अभियांत्रिकीवर पोट असलेल्या या शहरात अभियांत्रिकीचा सगळ्यात जुना नमुना हा पूल असावा, आणि शहराच्या अभिमानाच्या गोष्टींत त्याचं नाव निघू नये, ही चुकामूक खटकते.

आपल्याकडे वारसा म्हटलं की किल्ला, देऊळ, वाडा. ज्याचा वापर थांबला ते जपायचं, अशी एक समजूत पडून गेली आहे. इंग्लंडमध्ये थेम्स नदीवर मेडनहेडला ब्रुनेल यांनी बांधलेला विटांच्या दोन पसरट कमानींचा रेल्वेपूल आहे. तो 1838 मध्ये पुरा झाला. इतक्या चपट्या कमानी टिकणार नाहीत, असं तेव्हा पुष्कळांना वाटत होतं. आज तो पहिल्या श्रेणीचा संरक्षित वारसा आहे आणि त्याच वेळी त्याच्यावरून लंडनच्या आधुनिक लोकल आणि वेगवान गाड्या धावतात. जतन आणि वापर एकाच पुलावर सुखाने नांदतात.

आपल्याकडची उदाहरणं दुखरी आहेत. घाटात द्रुतगती मार्गावरून दिसणारा, 1830 सालचा अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, सुरुंगाने पाडला. वाहतुकीच्या दृष्टीने तो अडथळा होता, हे खरंच. त्याच्याखाली अपघात होत होते. मुंबईत मशीद बंदरजवळचा 1868 चा कर्नाक पूल नोव्हेंबर 2022 मध्ये उतरवला. तोही धोकादायक झाला होता. पण तिथे एक गोष्ट चांगली झाली. पुलाचं नाव आणि साल कोरलेले जुने दगड फेकून न देता जपून ठेवायचं ठरलं.

पुणे-लोणावळा मार्गावर तिसरी आणि चौथी मार्गिका टाकायचा प्रस्ताव कित्येक वर्षं चर्चेत आहे आणि त्यांची गरज या पट्ट्यातला कुणीही प्रवासी सांगेल. दोनच रुळांवर लोकल, एक्सप्रेस आणि मालगाड्या सगळ्या धावतात. एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. नव्या मार्गिका येतील तेव्हा दापोडीला मुळेवर नवा रेल्वेपूलही लागेल. तो बांधायला यंत्रं येण्याआधी जुन्या पुलाची मोजमापं घेऊन नकाशे काढायला हवेत. प्रत्येक कमानीचा गाळा, खांबाची रुंदी, चिऱ्यांचे थर, कुठे कोणत्या काळात दुरुस्ती झाली त्याच्या खुणा, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंतची छायाचित्रं, सगळं नोंदलं जावं. आकुर्डी-निगडीत अभियांत्रिकीची आणि वास्तुकलेची महाविद्यालयं आहेत. रेल्वेची परवानगी आणि एखाद्या अनुभवी पूल-अभियंत्याची सोबत मिळाली तर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत, नदीचं पाणी उतरलेलं असताना, मुलं हे काम करू शकतील. महापालिकेने त्यातला एक नकाशा हॅरिस पुलाच्या पदपथावर, कठड्याला टेकून वाचता येईल अशा उंचीवर लावावा, आणि त्यावर बर्कले यांच्या नावाच्या बरोबरीने पाथरवट, वडार, बेलदार आणि गस्तवाले यांचाही उल्लेख असावा.